साहेबांच्या तोंडासमोर पाय

मी मोनिका, जामखेडच्या आतल्या एका गावात उपकेंद्राची सिस्टर. सरकारनं टॅब दिला, त्यात डॉक्टर दिसतात. म्हणे आता लोकांना नगरचा हेलपाटा नको. टॅब दिला, रेंज द्यायची तेवढी राहिली! खुर्ची उचलून बाहेर लिंबाखाली मांडली की डॉक्टरसाहेबांचं तोंड दिसायचं, तेही अडकत अडकत.

त्या दिवशी बनुबाई आल्या. साठीच्या बाई, जुनी शुगर, उजव्या पायाला फडकं. मी फडकं सोडलं. करंगळी काळी पडलेली, वास मारत होती. अजून दोन दिवस गेले तर पाय कापायची वेळ येणार, हे मला दिसत होतं. नगरला चला म्हटलं, तर म्हणाल्या, डॉक्टर सांगतील तरच जाईन.

लिंबाखाली बसवून टॅबवर लावला फोन. डॉक्टर म्हणाले, पाय दाखवा. बनुबाईंनी पाय लुगड्यात ओढून घेतला. मी टॅब खाली पायाजवळ ठेवला, तर उलट माझ्यावरच चिडल्या, साहेबाला मातीत ठेवता का म्हणून.

"देवासारखा मानूस. त्येच्या तोंडाम्होरं पाय धरू व्हय?"

डॉक्टर म्हणाले, रांगेत बारा जण आहेत, फोटो नंतर पाठवा. माझं डोकंच फिरलं. इथं बाईचा पाय चाललाय आणि यांचं नंतर!

"सर, तुमचा कॅमेरा बंद करा. तुमचं तोंड दिसतंय तोवर त्या पाय वर करणार नाहीत."

मला वाटलं, गेली आपली नोकरी. तेवढ्यात स्क्रीनवरचं तोंड गेलं. साहेब गेले का, बनुबाईंनी विचारलं. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, बघतायत, ऐकतायत, फक्त समोर नाहीत. त्यांनी जरा विचार केला, डोक्यावर पदर घेतला आणि पाय खुर्चीवर ठेवला. आणि गंमत बघा, साहेबांचा व्हिडिओ थांबल्यावर रेंजला दम आला. डॉक्टर म्हणाले, आता स्वच्छ दिसतंय.

"बनुबाई, आत्ताच्या आत्ता निघा. मी नगरला दवाखान्यात सांगून ठेवतो."

करंगळी गेली, पण पाय वाचला.

दोन महिन्यांनी बनुबाई वस्तीवरून चालत आल्या. गाडी नाही, काठी नाही. जखम बघायला म्हणून मी खाली वाकले. छान भरली होती. मग मला राहवेना, त्याच पायावर डोकं टेकवलं आणि खुशाल रडले.