थोरल्याची फाइल

कोड लिहायचा नवा एडिटर टाकाऊ आहे, असं थोरल्यानं सकाळपासून अकरा वेळा जाहीर केलं होतं. आणि ज्यानं तो एडिटर काल सगळ्यांच्या माथी मारला, तो धाकटा भाऊ समोरच्या टेबलावर मख्ख बसला होता. चार दिवसांपूर्वी थोरल्यानं त्याला कामगारांसमोर बिनडोक म्हटलं, तेव्हापासून दोघांत अवाक्षर नाही.

धंदा दोघांचा, लिफ्टचे कंट्रोलर बनवायचा. पण लिफ्ट चालवणारा प्रोग्राम आपल्या एकट्याचा, असा थोरल्याचा तोरा. तो आज पणाला लागला होता. मागच्या शेडमधली चाचणीची लिफ्ट मजल्याच्या चार बोटं खाली थांबत होती आणि तीन वाजता गिऱ्हाईक बघायला येणार होतं. "नीट थांबली नाही तर प्रोग्राम धाकट्याच्या हवाली करतो," असं हा बाबा सगळ्यांदेखत बोलून बसला होता. चार दिवस प्रोग्राममधल्या स्वतःच्या फाइलीतले आकडे बदलून झाले. लिफ्ट ढिम्म!

दोन वाजले. थांबण्याचं अंतर काढणारं फंक्शन मुख्य प्रोग्राममध्ये जिथं वापरलं होतं, तिथं त्यानं कर्सर ठेवला आणि एफ-बारा दाबलं. हे बटण दाबलं की ते फंक्शन जिथं लिहिलंय तिथं एडिटरनं नेऊन सोडायचं. नेलं की. पण धाकट्याच्या फाइलीत, त्याच नावाच्या फंक्शनवर!

"अगं, बघ! मी माझं फंक्शन मागतोय आणि हा एडिटर मला याच्या दारात नेऊन उभा करतोय!"

बायको तिसऱ्या टेबलावर चाचणीचे तक्ते भरत होती.

त्यानं एडिटरचा इंडेक्स, म्हणजे कुठलं फंक्शन कुठं आहे याची नोंद, पुसून नवा बनवला. तीनदा बनवला. एडिटर बंद करून उघडला, शिव्या घातल्या, पुन्हा धाकट्याचीच फाइल. शेवटी चरफडत सेटिंग उघडल्या, तेव्हा कळलं की एडिटर बिल्डची यादी वाचून वाट शोधतो. म्हणजे ज्या फाइली जोडून लिफ्टचा प्रोग्राम तयार होतो, त्यांची यादी. एकतीस नावं होती. त्यानं वरून खाली वाचली, मग खालून वर. त्याची फाइल त्यात नव्हती.

"माझी फाइल कुणी काढली?"

"मी," धाकटा म्हणाला. "दोन वर्षं झाली."

"थापा मारू नकोस! गेल्या महिन्यात दाराचा घोळ मी निस्तरला. दुसऱ्या दिवशी फरक पडला होता!"

"तू घरी गेलास की मी तुझी फाइल वाचायचो. पटेल तेवढं माझ्या फाइलीत उचलायचो. हे चार दिवस नाही वाचलं, दादा. बिनडोक माणसानं कशाला वाचायचं?"

थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "ऐकतेस ना? सख्खा भाऊ, आणि केसानं गळा कापतोय!"

बायकोनं पेन खाली ठेवलं.

"भाऊजींना मीच सांगितलं होतं."

"काय?"

"दोन वर्षांपूर्वी लिफ्ट दीड मजला खाली आपटली तेव्हा आत मी होते. गुडघा फुटला माझा. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

त्याला आठवत नव्हतं. खरंच नव्हतं.

"म्हणालात, चाचणी करणाऱ्यांनी इतकं भित्रं असून कसं चालेल. तेव्हाच ठरवलं, तुमच्या प्रोग्रामवरच्या लिफ्टमध्ये पुन्हा चढायचं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून बघितलं. दोनदा. तिसऱ्यांदा भांडायचं त्राण नव्हतं माझ्यात." ती उठली. "चला भाऊजी, आकडा बदला. मी आत उभी राहते."

धाकट्यानं एक आकडा बदलला, प्रोग्राम लिफ्टमध्ये उतरवला आणि दोघं शेडकडे गेली. थोरल्याला कुणी चल म्हटलं नाही.

"बरोबर थांबली, भाऊजी! अगदी बरोबर!" तिकडून बायकोचा आवाज आला. इतक्या आनंदानं ती आपल्याशी कधी बोलली होती, देव जाणे.

तरी त्याचा विश्वास बसेना. त्यानं स्वतःची फाइल उघडली आणि फंक्शनच्या ऐन मध्यावर एक सणसणीत शिवी टाइप केली. आपली फाइल प्रोग्रामात असेल, तर कोडमध्ये असलं काही शिरलं की बिल्ड मोडायलाच हवा, पडदा लाल व्हायलाच हवा. त्यानं बिल्ड चालवला आणि श्वास रोखून बघत बसला.

बिल्ड पूर्ण झाला. चुका शून्य.