म्हशीचं भेव

बबनराव कोणाच्या बापाला भीत नाहीत, हे गावाला बबनरावांनीच सांगितलं होतं. इतक्यांदा सांगितलं की गावानेही ते मानून टाकलं. साप निघाला की काठी घेऊन बबनराव पुढे, कपाशीत रानडुक्कर शिरलं की बबनराव पुढे. गाव वणीपासून चार कोसांवर, आणि कोळशाची खाण सरकत सरकत त्याच्या शिवेला येऊन टेकलेली. रोज दुपारी अडीचला खाणीत ब्लास्टिंग व्हायचं. आधी भोंगा, मग पाच मिनिटांनी धडाका. मांडणीवरची भांडी नाचायची, छपराच्या कवेलूंतून धूळ गळायची.

सुरुवातीला भोंगा झाला की अख्खी गल्ली लेकरं काखेत मारून ओट्यांवर येऊन बसायची. समोरचे नानाजी तर कानात कापसाचे बोळे घालून यायचे. बबनरावांनी त्यांना एकदा सगळ्यांदेखत विचारलं, "काहो नानाजी, ब्लास्टिंग खाणीत होते का तुमच्या पोटात?" लोक पोट धरधरून हसले. नानाजी उठले, आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मग एकेक करत सगळेच ओटे रिकामे झाले. आपलं हसं करून घ्यायची हौस कोणाला असते!

स्वतः बबनराव मात्र भोंग्याच्या आधीच गोठ्यात असायचे. "आमची म्हैस लय भेते. मले धराच लागते तिले," असं ते सांगायचे. म्हशीच्या मानेला मिठी मारून उभे राहायचे. म्हैस थरथर कापायची, ते त्यांच्या हातांना कळायचं आणि मुक्या जनावराची त्यांना फार दया यायची.

याच्या मुळाशी एक दुपार होती. दोन वर्षांपूर्वीची. बबनराव घरात आडवे झाले होते. शेजारच्या बाजेवर दीड वर्षाची नात, खुशी, झोपलेली. सून अंजू नळावर गेलेली. झोपेत त्यांना भोंगा ऐकू आला नाही. धडाका झाला, मांडणीवरची पाणी भरायची पितळी गुंडी धाडकन खाली आली, आणि बबनरावांना भान आलं तेव्हा ते अंगणात निंबाखाली उभे होते. एकटेच. पोर आत होती. तिला काही झालं नव्हतं, ती जागीसुद्धा झाली नव्हती, आणि बबनरावांना पळताना कोणी पाहिलंही नव्हतं. पण रानडुकराच्या अंगावर जाणारा माणूस नातीला टाकून पळाला होता, आणि त्या माणसाबरोबर बबनरावांना रोज जेवावं लागत होतं. तेव्हापासून अडीचच्या वेळी खुशीपाशी एकट्यानं थांबायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं. आपल्या पायांवर त्यांचा भरवसा उरला नव्हता. म्हैस होती म्हणून निभावत होतं.

मार्चमध्ये अंजूचा बी.ए.चा पेपर आला, वणीला, दुपारी. मुलगा गोपाल ट्रक घेऊन चंद्रपूरकडे गेलेला. बायको बेबीताई लेकीच्या बाळंतपणाला घाटंजीला.

"मामाजी, खुशी झोपली हाये," अंजू निघताना म्हणाली. "मी पाचपर्यंत येते."

"अन् म्हैस?"

"म्हशीले राहू द्या ना एक दिवस. पोरीपाशी बसा."

तिने रात्र-रात्र जागून केलेला अभ्यास बबनरावांनी पाहिला होता. "जाय तू. पेपर चांगला लिहिजो," ते म्हणाले. सव्वादोनला पोरीला उचलून गोठ्यात न्यायचं आणि दोघींना एकदमच धरायचं, असा बेत त्यांनी मनात करून ठेवला.

पण दोन वाजता जनावरांच्या नव्या डॉक्टर सलोनी मॅडम दारात उभ्या राहिल्या. गावभर जनावरांच्या कानात बिल्ले मारत फिरत होत्या. बोलण्यात, दोरी बांधण्यात वेळ गेला.

"आटपा मॅडम, ब्लास्टिंगची वेळ होऊन राह्यली," बबनराव म्हणाले. "आमची म्हैस आवाजाले लय भेते."

मॅडमनी म्हशीचे दोन्ही कान उलटे करून, बॅटरी लावून पाहिले. मग मागे जाऊन पत्र्याच्या डब्यावर दणादण काठी हाणली. बबनराव दचकले. खुंट्यावरचा कावळा उडाला. म्हैस रवंथ करत राहिली, तिने कानसुद्धा हलवला नाही.

"काका, ही ठार बहिरी आहे. कान कधीचेच खराब झालेत. कैक वर्षं झाली असतील."

"असं कसं? कापते ना ते! मी रोज मानेले धरतो, हाताले मालूम पडते."

मॅडमनी बॅटरी खिशात टाकली. त्यांनी नुसतं बबनरावांच्या हातांकडे पाहिलं. मग बबनरावांनीही पाहिलं. म्हैस शांत उभी होती आणि दोरी धरलेले हात कापत होते.

तेवढ्यात भोंगा झाला.

"पोरगी आत हाये," बबनराव म्हणाले, आणि निघाले.

उंबऱ्याशी पाय अडले, आणि भोंग्यानंतरची मिनिटं तिथेच सरत गेली. बाहेर पळणं त्या पायांना ठाऊक होतं, आत जाणं नव्हतं. डोळ्यांपुढे ती गुंडी आली. असं ऐकतो की वेळ आली की माणसाला धीर येतो. बबनरावांना तो काही आला नाही. ते तसेच, भिंतीला धरून, रडकुंडीला येऊन आत गेले. खुशीचा पाय गोधडीत गुंतला होता. तो सोडवता सोडवता धडाका झाला. ते पोरीवर ओणवे झाले, पाठीवर धूळ पडली, आणि दुसऱ्या क्षणी पाय पळालेच. पण या वेळी हात रिकामे नव्हते. निंबाखाली येऊन ते मटकन खाली बसले.

खुशीने डोळे चोळले. "आबा, तुम्ही कापून राह्यले."

"हो माय. भेलो मी."

आयुष्यात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं. त्यामुळे काही आभाळ कोसळलं नाही.

संध्याकाळी अंजू आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं, दोन वर्षांपूर्वीचंही. आता ही काय वाटेल ते बोलेल आणि ते आपण ऐकून घ्यायचं, एवढी तयारी ठेवून सांगितलं. अंजूने हातातली पिशवी खाली ठेवली.

"त्या दिवशी मी नळावरच उभी राह्यली होती, मामाजी," ती म्हणाली. "पोरगी घरात हाये हे मालूम होतं. पाय उचललाच नाही. हे मी यायलेबी सांगतलं नाही." यायले म्हणजे गोपालला. ती रडायला लागली. बबनरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो अजूनही थोडा कापत होता, पण त्यांनी तो काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वादोनला बबनरावांनी बाज अंगणात आणून टाकली आणि खुशीला मांडीवर घेऊन बसले. अंजू शेजारी. समोर नानाजींचं दार किलकिलं झालं.

"काहून बबनराव? आज म्हैस सोडली?"

"म्हैस बहिरी हाये, नानाजी. भेतो तं मी. दोन वर्षं झाले." ते मुद्दामच मोठ्याने बोलले, गल्लीभर ऐकू जाईल असं. "तुमाले हासलो, चुकलो. या ना इकडे. एकट्यानं भेनं जमत नाही आता."

नानाजी आत गेले. बबनरावांनी मान खाली घातली. पेरलं तेच उगवलं, त्यांना वाटलं. भोंगा झाला. तशी पलीकडची कडी वाजली, मग तिच्या पलीकडची. बाया लेकरं घेऊन ओट्यांवर येऊ लागल्या, कोणी कोणाकडे न बघता.

नानाजीही आले. त्यांच्या कानात बोळे होते. बाजेच्या काठावर टेकत त्यांनी मूठ उघडली. आत आणखी दोन बोळे होते.

"धरा," ते म्हणाले. "घरचाच कापूस हाये."