तीन नंबरच्या दारावरचा कागद

मी शीतल. वसमतला घरी बसून लोकांना कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहून देते. बालाजी शेठचा प्रोग्राम सी भाषेत लिहिला, काहून की त्यांच्या हळदीच्या गोदामातला कॉम्प्युटर इतका म्हातारा आहे की त्याच्यावर दुसरं काही धड चालतच न्हाई.

हळदीला कीड लागू नये म्हणून तिथं खोल्या टेप लावून बंद करतात अन् आत विषारी गोळ्या ठेवतात. त्यांचा गॅस होतो. त्यात माणूस गेला की गेलाच. कोणती खोली गॅसवर आहे अन् कोणती मोकळी, हे माझा प्रोग्राम पडद्यावर दाखवतो. पण झाडायला येणाऱ्या बाया काही दर वेळी ऑफिसात डोकावत न्हाईत. त्यात माझी आई पण आहे, सोजराबाई. मी कमावते तरी ऐकत न्हाई, घरी बसून अंग आंबतं म्हणते. म्हणून मीच शेठच्या मागं लागले, की दारावर चिटकवायला कागद छापायची सोय करून देते.

छापणं म्हणजे नुसता डोक्याला ताप. पडद्यावर ठसठशीत दिसणारं अक्षर कागदावर मुंगीएवढं निघालं, प्रिंटरचे ठिपके फार बारीक ना. ते हिशोबानं वाढवलं. खाली तारीख अन् वेळ टाकली होती, तर शेठ म्हणाले ती काढा, बायांना एकच ओळ मोठी दिसली पाहिजे. मी भांडून पाहिलं. पण गोदाम त्यांचं, मी काढली.

काल दुपारी गोदामात जाऊन तपासायला बसले. ‘खोली ३ मोकळी आहे’ असं लिहून छापायला दिलं. तेव्हा ती खरंच मोकळी होती. काहीच निघालं न्हाई. परत दिलं, तरी प्रिंटर ढिम्म. माझं टाळकं सरकलं. चूक माझ्याच कोडात असणार, असं धरून घरी आले. संध्याकाळी गोळ्यावाल्या ठेकेदाराच्या माणसांनी तीन नंबरमधे गोळ्या ठेवल्या अन् प्रोग्रामात नोंद कशी करायची ते मला फोनवर विचारलं; शेठ तोवर घरी गेले होते.

आज सकाळी चहा घेता घेता कोड ओळीनं वाचला. पान सुरू कर, ओळ लिही, पान संपव. सगळं बराबर. दर वेळी ‘काम घेतलं’ असंच उत्तर आलं होतं. मग कागद गेले कुठं?

एकदम आठवलं. प्रिंटर बंद असला की काम मरत न्हाई, रांगेत थांबून राहतं. कोणी चालू केला की निघतं.

शेठला फोन लावला. ते हिंगोलीला निघाले होते, एकदम खुशीत. म्हणाले, वायरच ढिली होती, गोदामावरच्या धर्मसिंगनं सकाळी बसवली, तुमचा कागद निघाला की ताई, लई झकास अक्षर आलं. तो तीन नंबरवर लावलाय, टेप काढून बायांना झाडायला सांगितलंय.

तिथं गॅस आहे, एवढं सांगून मी फोन ठेवला. धर्मसिंग फोन उचलून नव्हता राहिला. आईला लावला, तर तिचा फोन आमच्याच घरात पिशवीत वाजला. मी स्कूटी काढली. आपल्या हातानं आईला मारलं, रस्ताभर दुसरं काही सुचलं न्हाई.

गोदामाच्या अंगणात आई पाणी पीत बसली होती. एक नंबर झाडून नुकतीच बाहेर आलेली. माझा जीव भांड्यात पडला. मी तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले, अन् ती बावरून विचारत राहिली की लेकरा, झालं काय.

तेव्हा माझं लक्ष गेलं. तीन नंबरचं दार अर्धं उघडं होतं. आतून झाडूचा आवाज येत नव्हता. मी विचारलं, आत कोण आहे.

“भिकाबाई,” आई म्हणाली. “नवीन हाय ना, गॅसला लई भेते. दारातूनच माघारी आल्ती. मीच म्हनलं तिला, माझ्या पोरीनं छापलेला कागद हाय, जाय बिनघोर.”