खंडेनवमीचं पाणी

या, या, अजून थोडं पुढं सरका. मागं बसून कीर्तन ऐकू येतं, पण गोष्ट ऐकायची तर जवळच बसायला हवं. आज तुम्हाला जमिनीच्या पोटातल्या दगडाची गोष्ट सांगतो. नुसत्या दगडाची म्हणून तोंड वाकडं करू नका, तिच्यात माझी बहीणही आहे.

भाऊबीजेला मी सोनारीहून एसटीनं भूमला गेलो. माझी बहीण, दैवशाला तिचं नाव, तिथं दिलेली. तिचे मालक श्रीमंतराव खव्याची भट्टी चालवतात. लेक शिवांजली पुण्याला एका प्रयोगशाळेत दगडांचा अभ्यास करते. आपल्या पायाखालच्या काळ्या खडकाच्याही पार खाली, कितीतरी कोस खोल, हिरवट दगड आहे म्हणे. त्याच्यावर तिची पीएच.डी. चाललेली.

एरवी मी दारात दिसलो की ही पोरगी पिशवी ओढून घेते अन् विचारते, "मामा, यंदा कुणाचं कीर्तन ऐकलं?" या वेळी भिंतीला टेकून बसली होती. ओवाळून झालं, ताट पुढं आलं, तिनं करंजीला हात लावला नाही.

"काय गं, दगडानं बोलणं टाकलं का तुझ्याशी?" मी म्हटलं.

"बोलतोय मामा. पण खोटं बोलतोय."

मग तिनं समजावून सांगितलं. तो दगड म्हणजे बारीक बारीक दाण्यांची दाटी. खाली दाब आणि उष्णता एवढी, की दाणे वाढत राहतात. मोठा दाणा शेजारच्या बारक्याला आपल्यात ओढून घेतो, दोघांमधली हद्द सरकत जाते.

"बांध कोरल्यागत," श्रीमंतराव हात पुसत आत येत म्हणाले.

"तसंच बाबा. आणि दगडात पाणी असलं की ही हद्द लवकर सरकते. दाणे भराभर मोठे होतात. दाणा केवढा, त्यावर तो दगड किती सहज हलेल हे ठरतं. वरची सगळी जमीन त्याच्यावरच बसलेली."

"म्हणजे साखरेच्या डब्यात ओला चमचा गेला की खडे होतात तसं," मी शहाणपण केलं.

"न्हाय मामा. साखर विरघळते. तिथलं पाणी ओलं नसतंच. पाण्यातला हायड्रोजन दगडाच्या आत शिरून बसतो. बघायला दगड कोरडा, पण आतून सैल."

मला अशी दोन-चार माणसं आठवली.

तिनं प्लॅटिनमच्या दोन इवल्याशा नळ्या भरल्या होत्या. दोन्हीत त्या हिरव्या दगडाची भुकटी. एकीत मोजून पाणी घातलेलं, दुसरी अगदी कोरडी. दोन्ही बंद करून मशीनमध्ये भयंकर दाबाखाली तापवल्या. ओल्या नळीत दाणे मोठे व्हायला हवे होते, कोरडीत बारीक राहायला. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर दोन्हीतले दाणे सारखेच मोठे!

"म्हणजे एकतर पाण्यानं काही फरक पडत नाही, नाहीतर माझ्या कामावर कुणी भरवसा ठेवू नये. दोन वर्षं झाली मामा. सोमवारी माझ्या गाईड उमादेवी मॅडमना कारण सांगायचंय, आणि माझ्याकडं कारणच न्हाय."

दैवशाला चहा घेऊन आली. "मशीन रुसली म्हणावं तर म्या तिची पूजा करायला लावली व्हती. दादा, बघ की, कशी झोकात मांडलीय." तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. खंडेनवमीचा फोटो. घरोघरी त्या दिवशी अवजारं पुजतात, तशी पोरीनं मशीन पुजलेली. हळदकुंकू, झेंडूचं फूल, पुढं एका ताटलीत दोन चिमुकल्या नळ्या.

शिवांजलीनं फोन घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि तिची बोटं तिथंच थांबली. ताटलीभर पाण्याचे थेंब चमकत होते.

"आई, मी पाणी शिंपडलं होतं?"

"मंग? पाण्याबिगर पूजा व्हती व्हय? फोनवर म्याच सांगितलं न्हाय का, विड्याच्या पानानं चारी बाजूला शिंपड म्हणून."

"नळ्यांची तोंडं उघडी होती गं. भुकटी दोन दिवस भट्टीत वाळवून भरलेली. पूजा झाल्यावर मी तोंडं बंद केली. तेवढ्याशा नळीत अर्धा थेंब म्हणजे घागरभर पाणी."

दैवशालाच्या हातातला कप तसाच राहिला. "म्हंजी म्याच घालवलं व्हय तुझं?"

"तू नाही आई. आणि हे कुणाला सांगायचंच न्हाय. नळीला चीर गेली होती असं लिहिते. पूजेचं कळलं तर सगळे जन्मभर हसतील. तुझं नाव निघेल ते वेगळंच."

आणि मी, एवढा देवाधर्माचा माणूस, मान हलवून म्हणालो, "तसंच लिही. पूजेला बोल नको लागायला."

दैवशालानं कप खाली ठेवला. "दादा, जल्मभर कीर्तनं ऐकलीस, आन् हेच शिकलास व्हय?" ती लेकीकडं वळली. "पाणी देवाच्या नावानं शिंपडलं, त्याची लाज कसली? तोंड उघडं व्हतं हे मला ठावं नव्हतं. तुला ठावं व्हतं, तुझ्या ध्यानात न्हाय राहिलं. एवढंच झालंय. एवढंच सांग. लाव फोन."

"आई, सणाचं..."

"लाव म्हणते ना."

तिनं लावला. आवाज मोठा ठेवला. अडखळत सगळं सांगितलं, आईनं सांगितलेलं शिंपडणंसुद्धा. श्रीमंतराव भट्टीकडं जायचे ते दारातच उभे.

मॅडमनी एकच विचारलं, "किती थेंब?"

"मोजले नाहीत मॅडम. फोटो आहे."

"लगेच पाठव. ती नळी फेकू नकोस. दाण्यांत पाणी शिरलंय का ते इन्फ्रारेड किरणांखाली दिसेल. शिरलं असेल तर कोरडी म्हणून ती बाद, पण झालं तसं लिहून ठेवायचं. कोरडी आणि ओली, दोन्ही नळ्या पहिल्यापासून करायच्या, म्हणजे तुझा महिना-दीड महिना गेला. आणि पुढच्या वर्षी पूजा झाकणं लावून कर. आई आहेत का तिथं?"

"हाय की. चुकलं बाई माझं," दैवशाला लांबूनच म्हणाली.

"अहो, तुम्ही फोटो जपून ठेवला नसता तर आम्ही वर्षभर मशीनच खोलत बसलो असतो."

फोन ठेवल्यावर मायलेकी एकमेकींकडं बघून आधी रडल्या, मग हसल्या. श्रीमंतराव म्हणाले, "आता करंजी खा, नाहीतर तिला पण बुरशी धरंल."

जुन्या नळीतल्या दाण्यांत पाणी सापडलं. नवी कोरडी नळी मार्गशीर्षात उघडली. आतले दाणे बारीकच राहिले होते, सोबतच्या नव्या ओल्या नळीतले त्यांच्या कितीतरी पट मोठे. शिवांजलीच्या वहीत जुन्या नळीपुढं लिहिलंय: खंडेनवमीच्या पूजेचं पाणी आत गेलं, चूक माझी. तिनं ते पान मला दाखवलं, तेव्हा मी चष्मा पुसायच्या निमित्तानं अंगणात गेलो.

आता उठायच्या आधी एक मागणं आहे. संध्याकाळी दिवा लावून हात जोडाल, तेव्हा माझ्या दैवशालाचं नाव एकदा घ्या. थंडीत गुडघे फार धरतात तिचे. तिला चालती-फिरती ठेव, एवढं माझ्या वतीनं देवाला सांगा.