विहिरीचा सिनेमा

मध्यंतराचे दिवे लागले तशी आई उठून उभी राहिली. पदर खांद्यावरून पुढे घेतला, पिशवी काखेला लावली आणि अंधुक उजेडात पायानं चपला शोधू लागली.

"आई, बस. अर्धा सिनेमा बाकी आहे," रश्मी म्हणाली.

आई बसली. जराशी लाजली.

"सवय गं," ती म्हणाली आणि पिशवी पुन्हा मांडीवर घेतली.

पडद्यावर नायिका विहिरीच्या काठावर उभी होती. एक पाय काठावर, एक अधांतरी. रश्मी शाळेत असताना आईनं लालबागच्या याच थिएटरात हे दृश्य पाहिलं होतं. त्याच्या पुढचं तिनं कधीच पाहिलं नव्हतं.

सिनेमा आवडला नाही तर रश्मीचे पप्पा, जगदीश, मध्यंतराला उठायचे. ते उठले की घर उठायचं. मग लालबागहून नायगावच्या चाळीपर्यंत पायी. हिंदमाता येईपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा दंडकच होता. हिंदमाताला साड्यांची दुकानं लागली की पप्पा सिनेमाचा निकाल सांगायचे. मग बाकीच्यांनी बोलायचं, म्हणजे हो म्हणायचं. एवढ्या लवकर कसे आलात, असं चाळीत कुणी विचारलं की आई म्हणायची, "सुटताना गर्दी होते ना, म्हणून निघालो."

पप्पांची मतं मात्र हलकी नव्हती. ज्यात कुणी रडत नाही, कुणी कुणाच्या पाया पडत नाही, असे सिनेमे त्यांना आवडायचे. फिल्म सोसायटीत पाहिलेल्या एका परदेशी सिनेमातला म्हातारा न्हावी त्यांना घरातल्या माणसासारखा वाटायचा. मालकाची दाढी करताना तो एकदाही मान झुकवत नाही, असं ते पुन्हा पुन्हा सांगायचे. पडद्यावरच्या गरिबानं पाटलापुढे हात जोडले की त्यांचा डावा गुडघा हलायला लागायचा. "बाबासाहेबांनी आपल्याला ताठ उभं राहायला शिकवलं," ते म्हणायचे, "आणि हे तीन तास वाकायला शिकवणार. वर तिकीट आपलंच." रश्मीला अजूनही हे पटत होतं. ती कॉलेजात शिकवायची, एका साप्ताहिकात सिनेमावर लिहायची, आणि लिहिलेलं छापायला देण्याआधी पप्पांना फोनवर वाचून दाखवायची. ते गेल्यापासून तिनं काही लिहिलं नव्हतं.

गुडघ्याची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. लहानपणी रश्मी अर्धा वेळ पडद्याकडे आणि अर्धा वेळ त्या गुडघ्याकडे बघायची. आईही.

पप्पांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धविहारात आनंदाकाका बोलायला उभे राहिले होते. पप्पांचे बँकेतले मित्र. त्यांनी नेमका याच सिनेमाचा विषय काढला.

"जगदीश निम्म्यातून उठला. चला म्हणाला, पुढं सगळे पाया पडणार आहेत. वहिनींच्या डोळ्यांत ही गंगा-जमुना! तर हा जिन्यात मोठ्यानं काय म्हणतो, कमल, तुला रडायला तिकीट काढावं लागतं? मी घरी कमी पडतो काय?"

विहार हसला. पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत बसलेली आईही हसली. पदराचं टोक तोंडाला लावून, बराच वेळ.

घरी आल्यावर साडीची घडी घालताना तिनं विचारलं, "रश्मी, विहिरीच्या सिनेमातली ती वाचली असेल का गं?"

अर्ध्यात सुटलेल्या सिनेमांना आईनं मध्यंतराच्या चित्रावरून नावं दिली होती. विहिरीचा. कोर्टाचा. आंधळ्या भावाचा. रश्मीला हे पहिल्यांदाच कळत होतं.

"थांब, फोनवर बघून सांगते. एका मिनिटात कळेल."

"नको." आईनं तिचा हातच धरला. "सांगू नको. मला वाटतं वाचली. पोराला घेऊन मुंबईला आली. खानावळ घातली असेल."

"खानावळ कशाला?"

"हाताला चव होती तिच्या. पहिल्या भागात दाखवलंय की. पाटलाचं जेवण ती एकटी रांधते." आई साडीवर हात फिरवत राहिली. "पोरगं शिकतं मग. हिशोबाला बसतं. असं मी आपलं ठरवलंय, धुणं धुताना वगैरे."

हल्ली जुने सिनेमे पुन्हा लागतात. पावसाळा सरल्यावर हाही लागला, तोही लालबागलाच. रश्मीनं रजा टाकली.

"वडा आणू तुला?" तिनं विचारलं.

"आत्ता खातात?"

"मध्यंतराला सगळे खातात, आई."

चांगल्या सिनेमाच्या मध्यंतरात पप्पा बोलायचे. तोंडात घास घेऊन ऐकलेलं त्यांना चालत नसे. आईनं वडा दोन्ही हातांत धरून खाल्ला, बोटं रुमालाला पुसली आणि दिवे मालवले तशी खुर्चीच्या कडेवर सरकून बसली.

"आता बघ हां," ती कुजबुजली. कुणाला, ते कळलं नाही.

नायिका विहिरीत पडली नाही. नवरा धावत आला आणि त्यानं तिला मागं ओढलं. ती त्याच्या पाया पडली. मग नवरा पाटलाच्या पाया पडला. मग नवऱ्याचा म्हातारा बाप, डोक्यावरचं मुंडासं काढून. गाणं सुरू झालं आणि एकेका कडव्याला एकेक माणूस वाकू लागला. मागच्या रांगेतली कॉलेजची मुलं हसत होती. एकानं मोठ्यानं विचारलं, "अरे, कॅमेरामन राहिला ना!"

पुढं सगळे पाया पडणार आहेत.

निदान या सिनेमाबाबत तरी पप्पा चुकले असतील, असं रश्मीला वाटलं होतं. ते चुकले नव्हते. सिनेमा खोटा होता, वाईट होता, आणि ते सांगायला त्यांना दुसऱ्या भागाची गरज पडली नव्हती. पर्समधल्या फोनवर तिचा हात गेला. अजूनही जायचा. थिएटरच्या पायऱ्यांवरूनच फोन लावायचा आणि पलीकडून नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट, "बोल. किती वाईट?"

पडद्यावर नायिका पाटलाचं अंगण शेणानं सारवत होती. चेहऱ्यावर समाधान होतं. पोरगं शेजारी हात जोडून उभं.

रश्मीनं आईकडे पाहिलं. आई पडद्याकडे बघत नव्हती. ती रश्मीच्या मांडीकडे बघत होती.

रश्मीचा डावा गुडघा हलत होता.

तिनं हात ठेवून तो दाबला. गुडघा थांबला. पण आईची पिशवी काखेला लागली होती आणि पाय चपलांत गेले होते.

"चल," आई म्हणाली.

"आई, थोडासाच राहिलाय. तिचं काय होतं ते बघायचं होतं ना तुला?"

"राहू दे. सुटताना गर्दी होते."

थिएटरात पंधरा-वीस माणसं असतील. मागच्या मुलांतला एक म्हणाला, "आजी, पाया पडून जा!" आई खालमानेनं रांगेतून बाहेर पडली. पायात येणाऱ्या प्रत्येकाला "सॉरी हां" म्हणत. रश्मी मागं धावली. तिनं आईचा दंड धरला तेव्हा ती जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर होती.

"मी उठायला सांगितलं नव्हतं तुला."

"नाही, कुठं," आई म्हणाली. "तू कशाला सांगशील."

रश्मीनं टॅक्सी थांबवली. आई खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. परळ गेलं. रश्मीनं दोनदा काहीतरी विचारलं. पाणी हवं का, काच वर करू का. आईनं दोन्ही वेळा नुसती मान हलवली. रागावलेली दिसत नव्हती. समोर रस्त्याकडे बघत होती, गाडी कुठवर आली ते मोजल्यासारखी.

हिंदमाताच्या सिग्नलला टॅक्सी थांबली. दुकानाच्या दारात एक माणूस पिवळी साडी अंगावर धरून गिऱ्हाइकाला पदर दाखवत होता.

आई रश्मीकडे वळली.

"बोल," ती म्हणाली. "कसा होता?"

"तुला कसा वाटला, आई?"

आई गोंधळली. तिनं ड्रायव्हरकडे पाहिलं, साड्यांकडे पाहिलं. मग पिशवीचे बंद सारखे केले.

"तू सांग आधी," ती म्हणाली.