दोन मजल्यांच्या मध्ये

प्रेसमधली अट साधी होती. एक काम धाकटीने तिच्या मनासारखं लावायचं. गिऱ्हाइकाने नाकारलं, तर परत कटिंग मशीनवर जायचं आणि मांडणीचा विषय पुन्हा काढायचा नाही. अट तिच्या दादाने घातली होती. व्हिजिटिंग कार्डांची मांडणी बावीस वर्षं तोच करत होता.

काम आलं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या बाईंचं. पाच हजार कार्डं, त्यांतली बरीचशी लिफ्टच्या आत चिकटवायची.

गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून दादाने स्वतःचाही नमुना केला. तिरकी नाजूक अक्षरं, सोनेरी शाई, लिफ्टचं चित्र, सात सेवांची यादी आणि तळाला फोन नंबर. धाकटीच्या कार्डावर पांढऱ्यावर काळा, ठसठशीत नंबर होता, तीन गटांत विभागलेला. वर लहान अक्षरांत बाईंचं नाव. बाकी काही नाही.

"अर्धं कार्ड कोरं," दादा म्हणाला. "लोक म्हणतील, शाई संपली."

"लोकांना काही म्हणायचं नसतं दादा, फोन लावायचा असतो."

"आलीस मोठी शहाणी!"

बाईंनी दोन्ही कार्डं पाहिली, पण निकाल दिला नाही. "चला माझ्याबरोबर," म्हणाल्या. समोरच्या इमारतीतल्या जाळीच्या दाराच्या जुन्या लिफ्टमध्ये त्यांनी दोघांना उभं केलं. लिफ्ट निघाली आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. दिवा गेला. कोपऱ्यातला एक पिवळट बल्ब तेवढा उरला.

जिन्यावरून बाईंचा आवाज आला. "अडकलात असं समजा. दादा, तुमच्या कार्डावरून मला फोन लावा. टॉर्च लावायचा नाही हं. अडकलेल्याला तेवढं सुचत नाही."

दादाने कार्ड नाकाशी धरलं, मग हातभर लांब नेलं. सोनेरी शाई चकाकत होती. त्याने नंबर लावला.

"शिलाईचं दुकान," पलीकडून कोणी म्हणालं. "कपडे कुणाचे?"

त्या नाजूक वळणात एक आणि नऊ जुळ्या भावांसारखे दिसत होते. दादाने पुन्हा लावला.

"अहो, शिलाईचंच दुकान!" पलीकडचा खेकसला.

धाकटीने आपलं कार्ड पुढे केलं. दादाने ते एकदाच पाहिलं. तीन आकडे, तीन आकडे, चार आकडे.

जिन्यावर फोन वाजला. बाईंनी तो लगेच उचलला नाही, चांगला पाच-सहा वेळा वाजू दिला. मग जाळीतून म्हणाल्या, "हेच. आणि पाच नको, दहा हजार छापा."

लिफ्ट हलली. दादा हातातल्या कार्डाकडे बघत होता.

"आपल्या प्रेसचं कार्डही आता तूच लाव," तो म्हणाला. "फक्त माझं नाव जरा मोठं घे."

"जागा उरली तर बघू," धाकटी म्हणाली. "आणि कटिंगला दुसरं कुणीतरी शोध."