पहिल्या वर्गातली चार वर्षं

धाकट्या मुलाने आईबापांपाशी राहायचं, ही आम्हा हमोंग लोकांची रीत. थोरले दोघे आपापली घरं थाटून मोकळे झाले. माझा नवरा लेंग धाकटा. त्यामुळे सासऱ्यांना लकवा झाला तेव्हा त्यांना उठवणं, भरवणं, पुसणं कुणाच्या अंगावर पडलं हे वेगळं सांगायला नको. इथे अमेरिकेत, फ्रेझ्नोत, सगळं बदललं म्हणतात. ही रीत तेवढी लाओसहून जशीच्या तशी आली.

तरी मी कॉलेज सोडलं नव्हतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी सासूबाई सासऱ्यांपाशी बसायच्या आणि मी यंत्रांचे आराखडे काढायला शिकायला जायची. ओचोआ सर म्हणायचे, "मे यिया, तुझी रेघ चुकत नाही. पंपांच्या कारखान्यात माझ्या ओळखीवर एक जागा धरून ठेवलीय. जूनपर्यंत पदवी दाखव आणि बस जाऊन."

घरी हे सांगितलं आणि भावकी बसली. मी स्वयंपाकघरात कोंबडी तोडत होते, बाहेर माझा निकाल लागत होता. नेंग काका सगळ्यांत वडील. ते म्हणाले, "आता मधेच सोडायला नको, लोक हसतील. पदवी घेऊ दे. पण पदवी हातात आली की कॉलेज बंद, नोकरी नाही, म्हाताऱ्याची सेवा." माझ्या वतीने लेंगने दारूचे दोन पेले प्यायले. पेले रिकामे झाले की आमच्यात शब्द फिरवत नाहीत. मला कुणी विचारलंही नाही, आणि विचारलं असतं तर मी काय बोलले असते, तेही मला माहीत नाही.

म्हणजे मी जितकी पास होत जाईन तितकी घराची कडी जवळ येणार. इंग्रजी झालं, गणित झालं. उरला एकच विषय, इथे कुठकुठून लोक आले आणि त्यांचं काय झालं त्याचा. तो सक्तीचा होता. त्यात घरच्या वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत घेऊन लिहायची होती.

गॅरेजमध्ये आम्ही दोघी बाजारासाठी गवती चहाच्या जुड्या बांधत होतो, तेव्हा मी फोन रेकॉर्डिंगला लावून मधे ठेवला आणि म्हटलं, "आई, इथे आल्यावर पहिल्यांदा काय केलंत?"

"थंडीने मेले. लिही."

"आई, नीट सांगा ना. यावर माझा निकाल आहे."

सासूबाईंनी जुडीला रबर लावलं, माझ्याकडे पाहिलं. "आधी ते बंद कर."

मी बंद केलं.

"तुझ्याच कॉलेजात जात होते मी. इंग्रजीच्या पहिल्या वर्गात. हजेरी लावली नाही तर सरकारी मदत बंद, म्हणून तुझ्या सासऱ्याला मला पाठवावंच लागायचं. चार वर्षं होते."

"पहिल्याच वर्गात चार वर्षं?"

"दरवेळी नापास." आणि त्या चक्क हसल्या. "बाईंना वाटायचं, हिच्या डोक्यात दगड भरलेत. मला सगळं येत होतं, न्या. वरच्या वर्गात गेलं की नोकरी बघायला लावायचे, आणि बाईने परक्यांत काम करायचं नाही असं भावकीने ठरवलेलं. पास झाले असते तर घरी बसले असते. म्हणून चुकीची उत्तरं लिहायची. विचार करून लिहायची."

"मग?"

"मग काही नाही. आता तू तुझं बघ."

अकरा वर्षं मी या बाईला औषधाच्या बाटलीवरची अक्षरं वाचून दाखवत होते. सुनेला 'न्या' म्हणतात आमच्यात, आणि त्या दिवशी तो शब्द मला पहिल्यांदाच गोड लागला. वाटलं, सासूने मला किल्ली दिली.

मे महिन्यात परीक्षा झाली. मुलाखतीचा निबंध मी दिलाच नव्हता. पेपरावर नाव लिहिलं आणि दोन तास बाहेरच्या झाडाकडे बघत बसले. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. पंपांची जागा जाणार, पण ती भावकीने आधीच घालवली होती. मला त्या दोन संध्याकाळी हव्या होत्या. त्या मी वाचवल्या, असं मला वाटलं. मी खूशही होते.

निकाल आला तेव्हा आम्ही जेवत होतो. भात, उकडलेली मोहरीची भाजी, मिरचीचा ठेचा. मी फोन पाहिला आणि तोंड पाडून म्हटलं, "नापास झाले. पुन्हा बसावं लागेल."

लेंग हसला. "पंपाचे स्क्रू काढता येतात, आणि आपल्याच लोकांचा इतिहास येत नाही होय? धन्य आहेस." मग मी सासूबाईंकडे बघितलं, मला वाटलं त्या ओठांत हसत असतील.

त्यांनी चमचा खाली ठेवला होता. त्या माझ्याशी बोलल्या, स्वच्छ इंग्रजीत, एकही अडखळ नाही. "मूर्ख मुली. हे काय केलंस तू?"

लेंगच्या हातातला घास तसाच राहिला. पुढच्या खोलीत सासऱ्यांच्या खाटेची करकर थांबली.

"आई, तुम्हीच तर..." मी म्हटलं.

"मी तुला माझं नुकसान सांगितलं, ते तू उपाय म्हणून घेतलंस?" आता त्या आपल्या भाषेत बोलत होत्या. "तू पास हो, मग मी भावकीत उभी राहणार होते. म्हाताऱ्याला मी बघते, पोरीला जाऊ द्या, असं म्हणणार होते. नापास पोरीसाठी कुठल्या तोंडाने बोलू आता?"

ओचोआ सर म्हणायचे, आराखड्यात एक माप राहिलं तर कारागीर अंदाजाने कापतो आणि माल वाया जातो. मी अंदाजाने कापलं होतं.

"आई," लेंग हळू म्हणाला, "तुला इंग्रजी येतं? कधीपासून?"

"तू जन्मायच्या आधीपासून. तुझी मोठी बहीण काओ गेली तेव्हाही येत होतं." त्यांनी पुढच्या खोलीकडे पाहिलं नाही, पण आवाज तिकडे जाईल एवढा चढवला. "डॉक्टर नर्सला म्हणाला, ही पोरगी सकाळ बघणार नाही. तुझे बाबा माझ्या शेजारी उभे होते. मला कळलं असं दाखवलं असतं तर चार वर्षांचं सोंग उघडं पडलं असतं. न कळणारं माणूस काय करतं? हसतं. मी डॉक्टरकडे बघून हसले. दुभाषी यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर हसतच होते."

सासऱ्यांच्या खोलीतून नेहमीची हाक आली, पाण्यासाठी. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

मी उठले आणि पाणी घेऊन गेले.